अधिवेशन संपले, आता वॉर्डात काय?



अधिवेशन झाले की ढाणकीसारख्या गावातून गेलेला कार्यकर्ता उत्साहाने परततो. आठ दिवस स्टेटसवर फोटो असतात, नाक्यावर भाषणांची चर्चा होते. मग सगळे थंड. पुढची हाक येईपर्यंत पक्ष गावात दिसत नाही. याला चळवळ म्हणायचे का, हा आमचा सवाल आहे. उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

18 ते 20 जुलै 1942 ला नागपुरात अधिवेशन भरले आणि अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. हजारोंच्या संख्येने लोक आले. 20 जुलैला महिला परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, कायदेमंडळात स्त्रियांना जागा, असे ठराव त्या बायांनी केले. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींवर मिळत होता. म्हणजे मंडपातल्या बहुतेकांच्या हाती मतदानाचा कागदही नव्हता. तरी त्यांनी ठराव केले, कारण ठराव म्हणजे परतल्यावर करायच्या कामाची यादी, हे त्यांना ठाऊक होते.

याच अधिवेशनात बाबासाहेबांनी शिका, चेतवा, संघटित व्हा हा निरोप दिला. भाषण ऐकून माणूस चेततो, हे खरे. पण संघटन मंडपात होत नाही. ते वस्तीत, घरोघर फिरून करावे लागते.

पुढे काय झाले? 1946 च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनचा दारुण पराभव झाला. पुणे कराराच्या पद्धतीत आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि शेवटी सर्व मतदारांनी त्यातला एक ठरवायचा. आपल्या पसंतीचा माणूस तिथेच पडायचा. अशा पराभवानंतर पक्ष संपायला हवा होता. पण त्याच वर्षी पुणे आणि नागपूर येथे सत्याग्रह झाले, कार्यकर्ते तुरुंगात गेले. ही माणसे एका दिवसात आली नव्हती. अधिवेशनातून परतून ज्यांनी शाखा चालवल्या, त्यांनीच ही फळी उभी केली होती.

3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरातच रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ अशी फूटही पडली. इथे आमचे तरुण म्हणतात, “नेतेच एक होत नाहीत, तर आम्ही खाली राबून काय उपयोग?” पण पाहा, त्याच 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. 6 डिसेंबर 1964 ला तो देशभर पेटला आणि लाखांवर माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, बौद्धांना सवलती द्या, या मागण्या होत्या. बौद्धांच्या सवलतींचा केंद्राचा कायदा 1990 साली झाला. म्हणजे एक मागणी 26 वर्षे जिवंत ठेवावी लागली. ती नेत्यांच्या एकीवर टिकली नाही, गावोगावच्या माणसांमुळे टिकली.

फूट खालच्या कार्यकर्त्याला थांबवता आली नाही, हेही खरे. पण म्हणूनच खाली शाखा मजबूत हवी. ज्या गावात शाखाच नाही, त्या गावाला नेत्याला जाब विचारण्याचे बळ कुठून येणार?

आता आपल्या ढाणकीकडे या. आपला उमरखेड विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण राखीव जागेवर आपल्या जातीचा माणूस निवडून येणे वेगळे आणि आपला प्रश्न मांडणारा माणूस निवडून येणे वेगळे. 1946 चा धडा हाच आहे. ढाणकी नगरपंचायतीत 17 वॉर्ड आहेत. दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा कोणत्या गल्लीत गेला, हे किती वॉर्डांत विचारले जाते? आजूबाजूच्या खेड्यांत ग्रामसभा होतात. कोरमसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी असेल ती संख्या लागते. म्हणजे एक वस्ती ठरवून बसली तर एकट्या तिच्यामुळेही कोरम पूर्ण होऊ शकतो.

ई-क्लास जमिनीचेही तसेच. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासनाचा निर्णय आहे. पण गाव नमुना एक-ई मध्ये नोंद नाही, दंडाची पावती सांभाळलेली नाही, म्हणून किती कुटुंबे आजही अतिक्रमणवालीच ठरतात! गायकवाडांच्या सत्याग्रहाचा पुढचा भाग तलाठ्याच्या दप्तरात अडकला आहे. तो मोकळा करायला मोठ्या सभेची गरज नाही. चार पोरे आणि एक फाईल पुरते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. अधिवेशनाला जरूर जा. पण परतल्यावर पंधरा दिवसांत वस्तीत बैठक घ्या, ठराव वाचून दाखवा, बायांना पुढे बसवा. मतदार यादी तपासा, सुटलेली नावे घाला. एकेक काम एकेकाच्या नावावर लिहा आणि पुढच्या महिन्यात हिशेब मागा. पुढच्या अधिवेशनाला जाताना तो हिशेब सोबत न्या आणि नेत्यांपुढे ठेवा.

जय भीम!