परड्यातल्या वेलांचे बियाणे

रत्नागिरी तालुक्यातल्या पालीसारख्या गावात मृगाच्या सुमारास परड्यातली आळी भरली, की काकडी, पडवळ, शिराळी, दुधी, कारली, चिबूड यांचे बी पडते. त्यातले पुष्कळ बी घरचेच असते. मांडवावरचे मोठे, देखणे फळ हेरायचे, देठाला चिंधी बांधायची आणि ते पिकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, ही बियाणे धरण्याची रूढ रीत. तिच्यातली राखण उत्तम आहे. निवड मात्र तपासून घ्यायला हवी.

फळाचा आकार वेलाच्या आनुवंशिक गुणांवर जसा ठरतो, तसाच त्याला मिळालेल्या अन्नपाण्यावरही. एका वेलावरच्या सगळ्या फळांची आई एकच. शेणखताच्या ढिगाशेजारच्या वेलाचे फळ, किंवा बाकीची तोडल्यावर एकटे उरलेले फळ थोराड होते, पण ते थोरपण बियांत उतरत नाही. म्हणून आधी वेल निवडावा आणि मग त्यावरचे फळ. पहिले मादी फूल कितव्या पेरावर आले, एकूण फळे किती धरली, चव कशी होती, केवडा रोग आल्यावर पाने किती दिवस हिरवी राहिली, हे वेलागणिक टिपून ठेवावे. रत्नागिरीत वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. अशा ओलीत केवड्यापुढे तग धरणारा वेल लांबलचक फळे देणाऱ्या वेलापेक्षा मला कितीतरी मोलाचा वाटतो. चाखून पाहताना दुधीची फोड जिभेला कडू लागली तर ती थुंकून टाकावी आणि तो वेल बियाण्यातून बाद करावा. तो कडवटपणा कुकरबिटासिन या द्रव्याचा असतो, आणि ते विषारी आहे. निवडलेल्या पाचसहा वेलांचे बी एकत्र करावे, नाहीतर वाणातली विविधता आटत जाते.

ही आईची बाजू झाली. बापाची बाजू अवघड आहे, कारण परागकण मधमाशी आणते आणि ती कुंपण पाहत नाही. स्वपरागी पिकाला ही अडचण येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल-3 भातात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वेचल्या आणि त्यांतून एचएमटी हा वाण घडवला. भात स्वपरागी, त्यामुळे वेचलेला गुण टिकवणे तुलनेने सोपे गेले. वाल आणि चवळी यांचेही तसेच. वेलभाज्यांत मात्र नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. शेजारच्या मांडवावर पुडीतले संकरित बी लावलेले असेल, तर त्याचे पराग आपल्या काकडीवर येणारच. यंदाचे फळ त्याने बदलत नाही, कारण गर आईच्याच पेशींचा असतो. फरक पुढच्या पावसात उगवतो. काकडी आणि चिबूड यांचा संकर होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. काकडीची गुणसूत्रे 14, चिबुडाची 24, त्यामुळे त्यांचे जमत नाही.

प्रमाणित बियाण्याच्या शेतीत अशा पिकांच्या दोन वाणांमध्ये शेकडो मीटर अंतर ठेवतात. वाडीत घराला घर लागून असते, तिथे हे शक्य नाही. पूर्वी अख्खी वाडी एकाच वाणाचे बी आपसांत फिरवत असे, आणि त्यामुळेच वाण शुद्ध राहत असे. आज हाताने परागण करावे लागते. काकडी, कारले यांची फुले सकाळी उमलतात. आदल्या संध्याकाळी पिवळ्या पडलेल्या नर आणि मादी कळ्या दोऱ्याने बांधाव्यात. मादी कळीखाली इवलेसे फळ असते, त्यावरून ती ओळखू येते. सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलाच्या मध्यावर फिरवावेत आणि फूल पुन्हा बांधावे. दुधी, शिराळी, पडवळ संध्याकाळनंतर उमलतात, म्हणून त्यांच्या कळ्या दुपारीच बांधाव्या लागतात. देठाला रंगीत दोरा हवाच, नाहीतर हे फळ भाजीत जाते.

बियाण्याची काकडी पिवळी-तपकिरी होईपर्यंत वेलावर ठेवावी. पिकलेली काकडी आढ्याला टांगून ठेवण्याची कोकणातली पद्धत शास्त्राला धरून आहे, कारण फळ तोडल्यावरही आतले बी पक्व होत राहते. नंतर गरासकट एकदोन दिवस आंबवून बी धुवावे आणि सावलीत वाळवावे. बियांतली ओल एक टक्क्याने घटली, की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा. कोकणच्या दमट हवेत तो पाळणे कठीण, म्हणून चुलीच्या कोरड्या राखेत बी ठेवण्याची रीत आली. राख ओल शोषते आणि कडधान्यातल्या भुंग्यालाही रोखते. तीच राख हवाबंद बरणीत घातली तर आणखी बरे.

असे बी शेजाऱ्याला द्यावे. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क मानला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकण्याला तेवढी मनाई आहे. वाटण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. आठ उगवल्या तर आळ्यात तीन बिया पुरतात. चारच उगवल्या तर दुप्पट टाकाव्यात, आणि त्याच पावसात त्या वाणाचे ताजे बी धरावे.