डफ आमचा, बोल सरकारचे

स्मरणिकेत इतिहासावर काही लिहा, असा विहारातील तरुण मंडळींचा आग्रह झाला. लढायांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्ही इथे गाण्याचा लिहीत आहोत.

लोकगीताला धनी नसतो. जात्यावरची बाई ते आईकडून शिकते आणि लेकीला देते. म्हणूनच सत्ताधाऱ्याला ते उचलून नेणं सोपं जातं. चाल तीच, डफ तोच, फेटाही तोच. आतले शब्द तेवढे बदलायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, आपलाच माणूस बोलतोय.

निगडी-आकुर्डी भागातली आपली बरीच कुटुंबं कारखान्यांच्या कामासाठी दुष्काळी मुलखातून इथे आली. त्यांतल्या वडीलधाऱ्यांनी गावच्या चावडीपुढे सरकारी कलापथकं पाहिली असतील. केंद्र सरकारने १९५४ साली गीत व नाटक विभाग काढला. पोवाडा, भारूड, कीर्तन, कठपुतळी यांतून पंचवार्षिक योजना लोकांना समजावून सांगायच्या, हे त्याचं काम. यात वावगं काही नव्हतं. अक्षरओळख नसलेल्या माणसाला लसीकरण डफावर लवकर कळतं, आणि कलावंताच्या घरी चार पैसे जातात.

पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. १ जुलैला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला आणि प्रचाराची सगळी यंत्रणा त्याला व कुटुंबनियोजनाला जुंपली गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, अनेक ठिकाणी सक्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं.

आता तमाशातला सोंगाड्या आठवा. बतावणीत तो राजाला सोडत नाही, पाटलाला सोडत नाही, शास्त्रीबुवाला तर नाहीच नाही. तोच लोककलेचा जीव! सरकारवर हसायची सोयच उरली नाही, तेव्हा त्याने थट्टा करायची कुणाची? चार पोरांच्या गरीब बापाचीच. राजाला हसणाऱ्या माणसाला रयतेवर हसायला लावलं, की कलेत उरतं काय? आणि नाही म्हणणाऱ्याचं काय होई, ते किशोरकुमारला विचारायला हवं होतं. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला नकार दिला म्हणून १९७६ साली त्याची गाणी आकाशवाणीवर बंद झाली. एवढ्या मोठ्या गायकाची ही गत, तिथे गावच्या शाहिराची काय कथा.

कुणी म्हणेल, शब्द तर आपल्या जलसावाल्यांनीही बदलले. खरं आहे. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी तमाशाचाच घाट घेऊन त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. पण त्यांच्या मागे फौजदार उभा नव्हता. ऐकणाऱ्याला न पटलं तर तो घोंगडी झटकून घरी जाऊ शकत होता.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. जर्मनीत हिमलरने १९३५ साली एक संस्थाच काढली. खेड्यापाड्यांतल्या कथा, चिन्हं, रूढी गोळा करून आर्य वंश कसा श्रेष्ठ, हे सिद्ध करायचं हा तिचा उद्योग. रशियात स्टालिनच्या राज्यात जांबुल जाबायेव नावाच्या म्हाताऱ्या कझाक शाहिराच्या नावाने स्टालिनची कवनं देशभर गाजली. १९४१ साली, वयाच्या नव्वदीनंतर, त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं. आपल्या अण्णाभाऊंनीही १९४३ साली स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. मात्र तो चिरागनगरच्या झोपडीतल्या माणसाने, फॅसिझमशी लढणाऱ्यांसाठी, आपल्या मनाने रचला होता. दोघांना एका मापाने मोजू नये असं आम्हाला वाटतं.

आणीबाणीत लोकसाहित्याच्या बाजूने एक बाई मात्र ठाम उभी राहिली. दुर्गाबाई भागवत. उभा जन्म लोककथा गोळा करण्यात गेलेला. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण समोर असताना त्यांनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितली. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर सरकारी मानसन्मान त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. याच दुर्गाबाईंनी जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने मराठीत आणल्या.

जातकांत राजोवाद नावाची एक कथा आहे. काशीचा राजा ब्रह्मदत्त आपले दोष सांगणारं कुणी भेटतं का म्हणून शोधायला निघतो. आधी वाड्यात विचारतो, मग नगरात, मग वेशीबाहेर. जो तो त्याचे गुणच गातो. तेव्हा राजाच्या मनात येतं, हे लोक मला भिऊन तर असं बोलत नसतील? आणि तो वेष पालटून आणखी पुढे, राज्याच्या सीमेकडे जातो.