एमपीएससीची तयारी किती वर्षं करायची?

पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही राज्यसेवा पूर्वपरीक्षा देता येते. अराखीव उमेदवारांसाठी वयोमर्यादा 38 वर्षं आहे. म्हणजे 21व्या वर्षी पुण्यात सदाशिव पेठेतली अभ्यासिका गाठलेल्या मुलाला पुढची 17 वर्षं कुणी थांब म्हणत नाही. खरी गोची इथेच आहे. ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणता म्हणता तिशी येते आणि बायोडेटात पदवीनंतर काहीच नसतं. त्यात 2025च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पेपर 9, त्यातले भाषेचे 2 फक्त पात्रतेपुरते. बहुपर्यायी प्रश्नांवर वर्षं घालवलेल्यांना लिहिण्याचा सराव नव्याने करावा लागला.

त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून बघाव्यात. थांबायचं वर्षही तेव्हाच ठरवून घरी सांगावं. मेस आणि खोलीभाड्याचे पैसे बहुतेकदा तिथूनच येतात.