एका पात्याची दोन कुळे

बडोद्यास इंग्रजांचा पहिला रेसिडेंट म्हणून १८०२ साली जो अलेक्झांडर वॉकर आला, तो जन्माने स्कॉट होता. त्याने जमविलेली हस्तलिखिते पुढे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात गेली, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु स्कॉटलंड आणि मराठी मुलूख यांना जोडणारा एक धागा वॉकरच्याही पूर्वीचा असून तो पोलादाचा आहे.

स्कॉटलंडच्या डोंगरी लढवय्यांची रुंद, सरळ पात्याची तलवार संग्राहक आज मोठ्या हौसेने जमवितात. पंजा सर्व बाजूंनी झाकणारी, टोपलीसारखी तिची मूठ स्कॉटलंडात घडे. पाते मात्र बहुधा जर्मनीतील सोलिंगेन गावचे. त्यावर ‘आन्द्रेआ फेरारा’ हे नाव दिसले की नवखा संग्राहक हरखतो. या नावाचा कारागीर सोळाव्या शतकात उत्तर इटलीतील बेल्लुनो येथे होऊन गेला खरा; पण त्याची कीर्ती पाहून सोलिंगेनच्या लोहारांनी ते नाव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पात्यांवर ठोकले. १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर डोंगरी सैन्याचा मोड झाला, शस्त्रबंदी आली आणि ही तलवार मुख्यत्वे ब्रिटिश लष्करातील हायलँड पलटणींपुरती उरली. त्यांपैकी ७४ वी व ७८ वी या पलटणी १८०३ मध्ये असईस शिंदे-भोसल्यांसमोर उभ्या होत्या.

मराठी फौजेतही युरोपीय पाती होतीच. सोळाव्या शतकापासून ती पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास आणि पश्चिम किनाऱ्याच्या इतर बंदरांत उतरत. त्यांना देशी मूठ बसवून जी तलवार सिद्ध होई, तीच फिरंग. तिची मूठही पंजा झाकते, पण थाट निराळा: रुंद परज, आत मऊ गादी, माथ्यावर वाटी आणि वाटीतून निघालेला लांब काटा. निकराच्या घावास दुसरा हात त्या काट्यावर येई. स्कॉटिश मुठीस ही सोय नाही. १८७५ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपतींकडून प्रिन्स ऑफ वेल्सला मिळालेली, शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी लंडनच्या राजसंग्रहातील तलवार पाहावी. तिच्या पात्यावर येशूच्या नावाची लॅटिन अक्षरे उमटलेली आहेत!

म्हणून केवळ पात्यावरील खुणेवरून तलवारीचे गोत्र ठरविणे मला पटत नाही. त्यात आपल्या लोहारांनीही युरोपीय शिक्के हुबेहूब नकलले आहेत. पाते कोठून आले हा व्यापाराचा इतिहास. मूठ कोणी बसविली आणि हात कसा चालला हा युद्धाचा. दोन्ही वेगळे वाचावे लागतात. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील शस्त्रागारात जाणाऱ्याने मौल्यवान जडावावरून नजर काढून मूठ आणि पाते यांचा सांधा पाहावा. पात्याच्या बुडाशी रिव्हेटांनी बसविलेली पोलादी पट्टी दिसली, तर ती देशी कारागिराची करामत समजावी.

दमाजीराव गायकवाडांचे समकालीन नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपये खर्चून ती मिळविली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईस आणली. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी आहे, पाते युरोपीय आहे. त्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचे नाव आणि सेनासाहेब सुभा ही पदवी कोरली असून अखेरीस शब्द आहे ‘फिरंग’.