मटण
मटण (नपुं.) : शेळीमेंढीचे, महाराष्ट्रात बहुधा बोकडाचे, खाद्य मांस. ‘मांस’ हा तत्सम शब्द शास्त्रग्रंथांत व वैद्यकात प्रतिष्ठित असला, तरी खाटकाच्या दुकानापासून कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापर्यंत व्यवहारात ज्याचा अंमल चालतो, तो ‘मटण’ हा शब्द इंग्रजी ‘मटन’वरून आलेला असून, ‘बटन’चे ‘बटण’ व्हावे त्याच रीतीने त्याच्या अंती ‘ण’ आला आहे. इंग्रजीत तो प्राचीन फ्रेंचमधील ‘मोतों’ या मेंढावाचक शब्दापासून आला. त्याचे मूळ बहुधा केल्टिक असावे. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर जनावराचे नाव सॅक्सन व त्याच्या मांसाचे फ्रेंच, अशी जी विभागणी इंग्रजीत रूढ झाली, तिचे विनोदी विवेचन वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीत विदूषकाच्या मुखी घातले आहे. मात्र आरंभीच्या इंग्रजीत ही वाटणी वाटते तितकी काटेकोर नव्हती. इंग्लंडात प्रौढ मेंढीपुरता मर्यादित असलेला हा अर्थ हिंदुस्थानात बोकडावर सरकला, आणि कोशकाराने कितीही हरकत घेतली तरी तोच येथे कायम झाला. मालवणी मुलखात शिजवलेल्या मटणास ‘सागुती’ म्हणतात.