बोआ नोइत (पोर्तुगीज अभिवादन)

पोर्तुगीज भाषेतील सायंकाळचे व रात्रीचे अभिवादन. भेटताना आणि निरोप घेताना, दोन्ही वेळी तेच चालते. रात्री उपाहारगृहात शिरणारा ‘बोआ नोइत’ म्हणतो आणि बिल चुकते करून निघतानाही तेच म्हणतो, उत्तरही तेच. ब्राझीलमध्ये उच्चार ‘बोआ नोइची’ असा होतो. तेथील ‘जोर्नाल नासिओनाल’ हे 1969 पासूनचे दूरचित्रवाणी बातमीपत्र याच शब्दांनी प्रेक्षकांचा निरोप घेते.

दुपारच्या ‘बोआ तार्द’ची हद्द कोठे संपते? घड्याळापेक्षा उजेड पाहावा. लिस्बनमध्ये डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये नऊनंतर. त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी सातलाही ‘बोआ तार्द’ स्वाभाविक वाटते. ब्राझीलमध्ये साधारण सहानंतर ‘बोआ नोइची’ सुरू होते.

निरोपाला ‘आते आमान्या’ (उद्या भेटू) किंवा ‘आते लोगु’ (पुन्हा भेटू) जोडतात. मित्रांत ‘चाउ’ पुरते. हा शब्द इटालियनमधून आला. ‘आदेउश’ मात्र जपून वापरावा, तो कायमच्या निरोपासारखा वाटू शकतो.

एकेकाळी पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीभाषक मात्र रात्रीच्या निरोपाला ‘देव बरी रात दिवं’ म्हणतात.