कंप्रतांची वाटणी : नागपूरच्या प्रक्षेपकाच्या निमित्ताने

नागपूर भारताच्या मध्यभागी असल्याने आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १९८८ मध्ये येथील १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकाची योजना झाली. रात्री आयनांबरातील खालचा शोषक थर विरळ होऊन मध्यमलहरी दूरवर पोहोचत. म्हणून ही सेवा रात्रीची होती. एकाच कंप्रतेवर एकच ध्वनी सर्वांना ऐकविणे, हे तिचे उद्दिष्ट. भ्रमणध्वनीत मात्र प्रत्येकाचे संभाषण निराळे, आणि तेवढ्या कंप्रता उपलब्ध नाहीत. या अडचणीवर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे डी. एच. रिंग यांनी १९४७ मध्येच उपाय सुचविला होता : प्रदेशाचे लहान कक्ष पाडावेत, प्रक्षेपणशक्ती मर्यादित ठेवावी आणि तीच कंप्रता दूरच्या कक्षात पुन्हा वापरावी. पुढे प्रत्येक कक्षातील मागणी व संदेशाची स्पष्टता पाहून ही वाटणी क्षणोक्षणी बदलणेही शक्य झाले. कंप्रतांची टंचाई, अशा रीतीने, शक्ती आवरल्यानेच सुसह्य झाली.